श्रावणात मागितलेलं कढण

दादा, तुझं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. आलेले सगळे गेले. लेक वाईला परतली. निघताना डोळे पुसत म्हणाली, "बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला." जावयाच्या घरी जाऊन राहणारा मी नव्हे हे तिलाही ठाऊक होतं, पण विचारल्यावाचून तिचा पाय निघाला नसता. ती गेली, मी दार लावून आत आलो, तर घरात इतकं शांत होतं की मीच उगाच दोनदा खाकरलो. सत्तावीस वर्षं आपण दोघं या घरात वाद घालत राहिलो. आता मी काही बोललो तर ते खोडून काढायला कोणी नाही, आणि खोडून काढायला कोणी नसलं की माझं बोलणं मलाच पटत नाही.

म्हणून लिहायला बसलो. दफ्तरातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "सरकारी कागदावर घरची रड?" हो, घरचीच रड आहे. तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती तू असताना करायला हवी होती. श्रावणात, तापानं अंथरुणाला खिळलेला असताना, तू माझ्याकडे कोंबडीचं कढण मागितलंस. मी नाही म्हणालो. श्रावण संपायला सहा दिवस उरले होते तेव्हा तू गेलास. काल मी ते कढण केलं.

दहाव्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर मी पिंड ठेवला. कावळा शिवणार नाही अशी माझी खात्रीच होती. कावळा अडून बसला की लोक कशी आश्वासनं देतात ते तूही पाहिलं आहेस. कोणी म्हणतं मुलाचं लग्न लावून देईन, कोणी म्हणतं घर सांभाळीन. आणि मी भटजींसमोर, नदीकाठी, ओल्या पंच्यानं उभा राहून काय म्हणणार होतो? दादा, तुला कोंबडी करून घालीन? तरी ते म्हणायची मी तयारी केली होती. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण मी चार पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि त्यानं पिंडाला चोच मारली. मागोमाग आणखी दोन आले. सगळ्यांनी हात जोडले. "भाग्यवान माणूस," कोणीतरी म्हणालं, "कशात जीव अडकला नाही."

दादा, त्या क्षणी मला तुझा असा राग आला! जन्मभर एक गोष्ट वाद घातल्यावाचून सोडली नाहीस. पानात मीठ वाढायला उशीर झाला तरी ऐकवायचास. आणि या एका बाबतीत मला असं सहज सोडून दिलंस. कावळ्याला थोडा वेळ थांबवायचं होतंस. निदान मला ते वाक्य बोलून तरी टाकता आलं असतं.

लोकांना वाटतं आपण दोघं म्हातारे भाऊ, एकाच घरात राहिलो, एकमेकांना धरून होतो. बाहेरून तसंच दिसत असेल. तू बाविसाव्या वर्षी आरमाराच्या कचेरीत लिहायला म्हणून विजयदुर्गाला गेलास आणि तिथून एका सुरतेच्या सावकाराच्या गलबतावर चढून दिसेनासा झालास. आधी निरोप यायचे, मग तेही थांबले. आई रोज संध्याकाळी तुझं पान मांडायची. वाढायची नाही, नुसतं मांडायची. जेवणं झाली की ते कोरं पान उचलून गाईपुढे टाकायची. असं नऊ वर्षं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, मग सत्तावीसचा झालो, आणि दर संध्याकाळी जेवताना ते पान माझ्या डाव्या हाताला असायचं.

आई गेली आणि चार महिन्यांनी तू दारात उभा राहिलास. उन्हानं काळा पडलेला, खांद्यावर पेटी, ओठांवर ही एवढी मिशी. दुपारची वेळ होती. तू विचारलंस, "आई कुठे आहे?" मी म्हणालो, "चार महिने उशीर केलास." आणि पाय धुवायला पाणी आणायला आत गेलो. एवढंच आपलं बोलणं झालं त्या विषयावर. पुढे तू एकदा म्हणालास की तू दोन पत्रं पाठवली होतीस, सुरतेच्या वाटेनं. माझी सगळी उमर दफ्तरात गेली. कागद वाटेत हरवतात, भिजतात, भलत्याच रुमालात बांधले जातात, हे माझ्याइतकं पुण्यात कोणाला ठाऊक असणार? तरी तुझे दोन कागद हरवले असतील हे मी कधी मानलं नाही. आता मानतो. आता मानून तुला काय उपयोग, ते तूच सांग.

आल्या आल्या तुझ्यामागे प्रायश्चित्ताचं लागलं. समुद्र ओलांडलेला माणूस घरात घेतला म्हणजे घरच वाळीत. तू तीन दिवस कोणाशी बोलला नाहीस. मला वाटलं, हा आता परत जातो. आणि मनात वाईट आलं, जाऊ दे. चौथ्या दिवशी सकाळी तू मुंडण करून घेतलंस, ती मिशीही गेली, पंचगव्य घेतलंस, पंचांच्या पाया पडलास. माझी लेक पाच वर्षांची होती. तुला तसं पाहून ती भोकाड पसरून रडली. तू तिला मांडीवर घेतलंस आणि मला म्हणालास, "बापू, समुद्रात मी काही पाप केलं नाही. पण हिच्या लग्नात कोणी बोट दाखवायला नको." मी मान हलवली. उपकार मानायला हवे होते ते मानले नाहीत. घरच्या माणसाचे कसले उपकार मानायचे, असं तेव्हा मनाला सांगितलं होतं. तसं सांगणं सोपं असतं.

त्याच वर्षी थंडीत तू समुद्रापलीकडे शिकलेलं ते कढण पहिल्यांदा केलंस. आपण परभू, लेखणी पिढीजात आणि मासळीही पिढीजात. पण कोंबडी आपल्याकडे चालत नव्हती. तुझी भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मोठे भावजी, बकरं येईल, मासे येतील. उकिरडा चिवडणारा पक्षी माझ्या चुलीवर चढणार नाही." तू म्हणालास, "बरं." मला वाटलं होतं वाद घालशील. तू परसात गेलास, शेवग्याखाली तीन दगड मांडलेस, बाजारातून एक मडकं आणलंस आणि संसार थाटलास.

मी पायरीवर बसून सल्ले देत होतो. दुसरं काय करणार? तू म्हातारी कोंबडी आणली होतीस, कोवळी नको म्हणालास, कोवळीच्या हाडांत काही नसतं. ती गार पाण्यात घातलीस. जाळ इतका मंद की मला वाटलं विझला. वर फेस आला तो तू पळीनं काढत राहिलास, एखादी म्हातारी जपमाळ ओढते तसा. अख्खा कांदा आणि आल्याचा तुकडा सालीसकट निखाऱ्यात ढकललास, काळा होईपर्यंत भाजलास, राख झटकून मडक्यात टाकलास. चार मिरे, लसणाचा अख्खा गड्डा, आणि बुधवारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं बाद्यान, ते आठ पाकळ्यांचं लाकडासारखं फूल.

"हळद?" मी विचारलं.

"नाही."

"मसाला?"

"नाही."

"निदान फोडणी?"

"बापू, तिकडे लाखो माणसं फोडणीवाचून जगतात."

"जगत असतील. सगळे सुतकात असतील."

तू हसलास. मग पिठाकडे वळलास. गव्हाचं पीठ, मीठ, आणि पाण्यात विरघळवलेला चिमूटभर पापडखार. पीठ पिवळसर आणि चिवट झालं. तू हाताला तेल लावून त्याची दोरी केलीस, दोन्ही हातांनी ओढलीस, दुमडलीस, पुन्हा ओढलीस. दोनाच्या चार, चाराच्या आठ. माझं सल्ले देणं थांबलं. बघता बघता तुझ्या हातात शेवयांची लड झाली आणि तू ती उकळत्या पाण्यात सोडलीस. वाटीत शेवया, वर कढण, कांद्याची पात, आणि खारातल्या लिंबाचं चमचाभर पाणी. तिकडे ते कसलं काळं खारं पाणी घालतात म्हणे. तू आणलेली बरणी वाटेतच फुटली होती, म्हणून तू लिंबावर भागवलंस.

बांबूच्या दोन काड्यांनी तू ते खायला लागलास तेव्हा आतून आवाज आला, "भावजी, जेवताय की टोपली विणताय?"

मी पायरीवर बसून प्यालो. चांगलं होतं, दादा. पोटात जाऊन बसत होतं. मी तुला म्हणालो, "बरं आहे." माझ्या तोंडून याहून मोठी स्तुती कधी बाहेर पडत नाही हे तुला कळायला हवं होतं, आणि बहुधा कळलंही होतं. मग तू सांगितलंस की तिकडच्या बंदरावर तू तापातून उठला होतास, धड चालता येत नव्हतं, आणि एका म्हाताऱ्यानं दुकानातून बाहेर येऊन तुझ्यापुढे वाटी धरली. त्याची भाषा तुला येत नव्हती, तुझी त्याला. "ती वाटी प्यालो," तू म्हणालास, "आणि घरची इतकी आठवण झाली की तिथेच रडलो." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मग तेव्हाच का परतला नाहीस? मी नाही विचारलं. कांद्याची पात आणखी आहे का, असं विचारलं.

एकदा मात्र मी तुझ्या शेवयांशी वाद घातला. घरात वैशाखात वळून, वाळवून, तुपात भाजून ठेवलेल्या शेवयांचा डबा भरलेला असताना हा माणूस दर वेळी पीठ काय ओढत बसतो? तू जुन्नरला गेला होतास. मी परसात चूल पेटवली आणि डब्यातल्या शेवया कढणात सोडल्या. दोन उकळ्यांत त्यांची पेज झाली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण जन्मात शेवया शिजताना पाहिल्या त्या खिरीच्या. हातात शेवया आल्या की पाठोपाठ गूळ आलाच. मी गुळाचा खडा टाकून मोकळा झालो आणि मग मला कळलं की आपण कोंबडीत गूळ घातला. तू संध्याकाळी आलास, चाखलंस, वाटी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "बापू, तू दफ्तरातच बरा." तुझ्या भावजयीनं हे वाक्य पुढची कित्येक वर्षं मला ऐकवलं.

तीच भावजय बाळंतपणात जाता जाता राहिली. मूल राहिलं नाही. अकरा दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. वैद्यांनी हात टेकले. मी दफ्तरात जायचो आणि एकच ओळ तीन तीनदा लिहायचो. तू परसात कढण केलंस, वाटी फडक्यानं झाकून तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलीस आणि आत न बघता म्हणालास, "बाई, औषध आहे असं समजा." थोड्या वेळानं वाटी रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा ठेवलीस. महिनाभर ठेवलीस. त्यानंतर ती वीस वर्षं माझ्यासोबत होती, दादा. पुढे पुढे तर तीच विचारायची, "मोठे भावजी, बरेच दिवसांत परसात धूर दिसला नाही?" ती गेली त्याला चार वर्षं झाली. तिची ती वीस वर्षं मला तुझ्यामुळे मिळाली हे मी तुला कधी म्हणालो का? आठवून पाहिलं. नाही म्हणालो.

हे सगळं मला माहीत होतं. ते कढण म्हणजे काय, आजारी माणसाला ते कसं उठवतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी.

आषाढातच तुला खोकला धरला होता. श्रावण लागला तसा ताप चढला. वैद्यांचा काढा चालू होता, पण पेजसुद्धा पोटात ठरेना. शुद्ध दशमीचा दिवस. सकाळी तुला जरा बरं वाटत होतं. तू उशीला टेकून बसलास आणि म्हणालास, "बापू, परसातली चूल पेटव. मी सांगतो, तू हलव. कढण करू."

मी म्हणालो, "श्रावण आहे."

"माहीत आहे. मला अजून दिवस मोजता येतात."

"सगळ्या गल्लीत वास जाईल. पलीकडे शास्त्रीबुवांच्या घरी रोज पोथी चालू आहे. काय म्हणतील ते?"

"ते काय खायला येणार आहेत?"

इथवर ठीक होतं. इथवर आपला नेहमीचा वाद होता. मी हसून उठलो असतो, किंवा रागावून उठलो असतो, तरी चाललं असतं. पण तू म्हणालास, "बापू, माझ्यानं थांबवणार नाही रे." आणि माझ्या तोंडून निघालं, "आईनं नऊ वर्षं वाट पाहिली. तू वीस दिवस पाहा."

हे वाक्य मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. सत्तावीस वर्षं ते कुठे दडून बसलं होतं मला माहीत नाही. बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तू चिडला असतास तर मी वाचलो असतो. तू म्हणालास, "बरोबर आहे." आणि भिंतीकडे कूस वळवलीस.

त्यानंतर चौदा दिवस तू जगलास आणि पुन्हा एकदाही कढणाचं नाव काढलं नाहीस. मी देईन ती पेज घेतलीस, पोटात ठरली नाही तर हातानंच खूण करून माफी मागितलीस. मी तुझे पाय चेपले, कपडे बदलले, वैद्यांकडे खेटे घातले. लोक म्हणाले, भावानं फार केलं. मी रोज सकाळी ठरवत होतो की आज बोलू. सांगू की मी तसं म्हणायला नको होतं. मग तुझा डोळा लागलेला असायचा, किंवा कोणी बघायला आलेलं असायचं, किंवा मलाच वाटायचं, वीस दिवसच तर आहेत, कढण करून समोर ठेवू, त्याला कळेल. बोलण्यापेक्षा करून दाखवणं मला सोपं वाटतं. मी कसब्यातल्या कोंबडीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं, श्रावण सरला की पहिली आपल्याकडे आणून दे, चांगली जून बघून.

त्यानं शब्द पाळला. भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला, हातात पाय बांधलेली कोंबडी. मी सुतकातला, डोकं भादरलेलं, ओसरीवर बसलेलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"थोरले राव?"

मी मान हलवली.

"फार चांगला माणूस होता हो. माझ्याकडे यायचे तर आधी माझ्या म्हातारीची चौकशी करायचे." मग हातातल्या कोंबडीकडे बघून हळूच म्हणाला, "ही परत नेऊ का मग?"

"राहू दे," मी म्हणालो.

ती शेवग्याखाली बांधली. दहावं झालं, अकरावं झालं. यंदा आपल्याकडे गणपती बसला नाही, बाहेर गल्लीत आरत्या चालू होत्या आणि आत मी कोंबडीला दाणे टाकत होतो. हळद नाही, फोडणी नाही, असं सुतकाचं जेवण जेवताना तुझ्या कढणावर मी केलेला विनोद आठवला आणि पानावरून उठलो. लेकीनं एकदा विचारलं, "बाबा, ही कशाला ठेवली आहे?" मी म्हणालो, "काकांची आहे."

काल सकाळी मी ती कोंबडी कसब्यात नेऊन कापून आणली आणि परसात चूल पेटवली. गार पाणी, मंद जाळ, सगळं तू करायचास तसं. फेस काढत बसलो. तासभर काढला, हात भरून आला. कांदा जास्त जळला, तो फेकून दुसरा भाजला. बुधवारातल्या दुकानदारानं बाद्यान देताना विचारलं, "खोकला का?" मी हो म्हणालो. पिठात पापडखार किती घालायचा हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा जास्त पडला, पीठ कडू झालं. दुसऱ्यांदा कमी पडला, दोरी ओढली की तुटायची. तिसऱ्यांदा चाराच्या आठ झाल्या आणि आठाच्या सोळा करताना सगळ्या तुटल्या. मग मी तशाच, बोटाएवढ्या जाड, आखूड शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या. तू पाहिलं असतंस तर काय म्हणाला असतास त्याचा विचार करत होतो. एकही शब्द सुचला नाही. तुझं बोलणं मला आधी कळायचं, बरोबर उत्तर घेऊन मी तयार असायचो. काल काही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शास्त्रीबुवांचा आवाज आला. "काय हो बापूराव, बऱ्याच दिवसांनी धूर."

"हो."

"थोरले तर गेले. मग आज कोणासाठी?"

ते भिंतीपाशी येऊन उभे होते, हातात फुलांची परडी. मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगितलं. आईबद्दलचं ते एक वाक्य सोडून सगळं. की दादानं श्रावणात मागितलं होतं. की मी नाही म्हणालो. की आपल्या घरी पोथी चालू होती, आपण काय म्हणाल असं वाटलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजारी माणसाला कसला आलाय श्रावण? औषध म्हणून सगळं चालतं. विचारायचं होतंत मला."

"आपण रागवाल असं..."

"अहो, सत्तावीस वर्षं तुमच्या परसातला वास घेतोय. कधी काही म्हटलं?"

"नाही."

"मग का नाही विचारलंत?"

उत्तराची वाट न बघता ते फुलं तोडायला निघून गेले. मी पळी हातात घेऊन उभा राहिलो. त्यांचा प्रश्न साधा होता आणि उत्तर मला ठाऊक होतं, दादा. श्रावणातल्या त्या सकाळीसुद्धा ठाऊक होतं. भिंत कमरेएवढी. हाक मारली असती तर ते आले असते, आणि हो म्हणाले असते. ते हो म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच मी हाक मारली नाही. तू नऊ वर्षं आईला थांबवलंस, तर थोडं तुलाही थांबवावं, असं मला वाटलं. श्रावणाचं नाव पुढे केलं, पण नाही म्हणालो तो मी.

कढण बरं झालं होतं. पायरीवर बसून मी दोन वाट्या प्यालो. दुसरी पिताना तुझी माफी मागितली, अगदी मोठ्यानं, नाव घेऊन. घरात ऐकायला कोणी नव्हतं.